दोन अंशांचा उतार

डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती तुर्भ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका खेळण्यांच्या गाळ्यात. नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. पुढे पॅकिंगचं लांब टेबल, मागे प्लास्टिक ओतायची दोन हातमशिनं आणि वर पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर माझा ड्रॉइंग बोर्ड. मी शिट्ट्या, भोवरे, लहान मुलांचे खुळखुळे कागदावर काढायचो. काम फार मोठं नव्हतं, पण साताऱ्याकडच्या आमच्या गावात मी ‘मुंबईला डिझायनर’ होतो आणि ते मला आवडायचं.

माझ्यानंतर सहा महिन्यांनी ती आली. तिचा आयटीआयचा सुतारकामाचा कोर्स झाला होता. घर तुर्भ्यातच, वस्तीत. वडील मार्केटात माथाडी. शेठनी तिला मॉडेलं करायला घेतलं होतं. म्हणजे खेळणं प्लास्टिकमध्ये ओतण्याआधी लाकडाचा, पुठ्ठ्याचा नमुना करायचा, तो ती करणार आणि शेवटचं ड्रॉइंग माझ्याकडे येणार. पहिले काही महिने आमचं छान जमलं. ती मला ‘सर’ म्हणायची, मी तिला कोन कसे मापायचे ते सांगायचो. सांगताना माझा आवाज जरा मोठाच असायचा.

एका सोमवारी शेठनी आम्हा दोघांना खाली बोलावलं.

“रबरबँडवर चालणारं पिस्तूल पाहिजे,” ते म्हणाले. “जत्रेत खपेल, शाळेबाहेरच्या गाड्यावर खपेल असं. सिंपल. पोरानं हातात घेतलं की सांगायला लागू नये. दोघांनी एकेक डिझाइन करा. शनिवारी बघू.”

‘दोघांनी’ हा शब्द मला खटकला. डिझाइन माझं काम होतं. तरी मी ते मनावर घेतलं नाही, कारण शनिवारी काय होणार याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. त्याच दिवशी घरी पत्र लिहून टाकलं की मी काढलेलं पिस्तूल आता बाजारात येणार आहे.

तो आठवडा मी जिवापाड राबलो. माझं पिस्तूल एकदा भरलं की पाच रबरं एकामागून एक सोडणार होतं. मागे पाच दातांचं चक्र, चाप ओढला की चक्र एक दात फिरणार आणि एक रबर सुटणार. चक्र अडवायला खिट्टी, खिट्टीला स्टीलची स्प्रिंग. एकूण अकरा भाग. मी ते तीन बाजूंनी काढलं, काप काढून आतली रचना दाखवली, भागांना नंबर दिले. कोपरखैरण्याला मामांच्या घरी, जिथे मी राहायचो, कागद जमिनीवर पसरला तेव्हा मामी म्हणाली, “बाई गं, खरी बंदूक आहे का काय ही!” मला धन्य वाटलं.

शनिवारी मी शेठसमोर ड्रॉइंग उलगडलं आणि वीसेक मिनिटं समजावलं. ते मान हलवत होते. मग ते तिच्याकडे वळले. तिच्याकडे कागदच नव्हता. पिशवीतून तिने खोक्याच्या फळीतून कापलेलं एक पिस्तूल काढलं. एक लांब पट्टी, खाली मूठ, आणि चाप. बस्स. पट्टीच्या पुढच्या टोकाला खाच, मागे एक छोटी पायरी. रबर पुढच्या खाचेत अडकवायचं, ताणून मागच्या पायरीमागे टाकायचं. चाप ओढला की त्याचं वरचं टोक पट्टीच्या फटीतून वर येऊन रबराला पायरीवरून उचलायचं, आणि रबर सुटायचं.

“चाप परत जागेवर कसा येतो?” मी विचारलं. स्प्रिंग कुठे आहे ते मला दिसत नव्हतं.

“रबरानंच,” ती म्हणाली आणि पिस्तूल उलटं केलं. चापाच्या मागे एक छोटं रबर अडकवलं होतं. “रबर तर पाकिटात देणारच आहोत ना आपण. मग स्प्रिंग कशाला?”

शेठनी ते हातात घेतलं. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी रबर लावलं, टेबलावरच्या चहाच्या रिकाम्या प्लास्टिक कपावर नेम धरला आणि कप उडाला. ते लहान मुलासारखे हसले. पॅकिंगच्या बायका उठून आल्या. सगळ्यात म्हाताऱ्या मावशी, ज्या कधी कुठलं खेळणं चालवून बघायच्या नाहीत, त्यांनीही एक रबर सोडून पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसल्या. दुपारभर खाली रबरं उडत होती. माझं ड्रॉइंग शेठच्या टेबलावरच पडून होतं, एका कोपऱ्यावर कुणीतरी चहाचा ग्लास ठेवला होता.

“तुमचं पण भारी आहे सर,” जाताना ती मला म्हणाली. “मला असं चक्र कधी सुचलं नसतं.”

ती खरंच मनापासून बोलली होती. म्हणूनच मला ते जास्त लागलं. चिडवलं असतं तर परत काहीतरी बोलता आलं असतं.

त्या दिवसापासून मला तिच्या सगळ्याच गोष्टी डाचायला लागल्या. ती काम करताना गुणगुणायची, ते. कानस मारताना फळी पायाच्या अंगठ्यात धरायची, ते. शेठ आल्याबरोबर आधी तिच्या टेबलाकडे वळायचे, हे तर फारच. मी मनात सारखा तिचे दोष शोधत बसायचो आणि दोष सापडला नाही की आणखी चिडायचो. तिचं एक वाक्य, ‘मग स्प्रिंग कशाला?’, बसमध्ये, जेवताना, आंघोळ करताना डोक्यात वाजायचं. मला ते का सुचलं नाही? तीन वर्षं पॉलिटेक्निकमध्ये घालवली ती कशासाठी? त्यातच वडिलांचं पत्र आलं. गावात सगळ्यांना सांगितलंय, पहिलं पिस्तूल आलं की पाठव. ते पत्र मी घडी घालून पाकिटात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही.

आणि मग तिच्या पिस्तुलाचं साच्यासाठीचं ड्रॉइंग करायला माझ्याकडेच आलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी काय केलं ते कळणार नाही. प्लास्टिकचा भाग साच्यातून सहज सुटावा म्हणून त्याच्या उभ्या बाजू अगदी सरळ ठेवत नाहीत. दोन अंशांचा उतार देतात. भांड्यातून वडी सुटावी म्हणून भांडं वर रुंद असतं, तसं. हा पट्टीचा साचा वर-खाली उघडणारा होता. नेहमीच्या नियमाने उतार दिला, तर मागच्या पायरीची रबर अडवणारी बाजू वर जाताना पुढे झुकणार होती. म्हणजे ताणलेलं रबर पायरीवर टिकायच्या ऐवजी घसरून वर येणार, चाप न ओढताच सुटणार. तिच्या लाकडी मॉडेलमध्ये हा प्रश्न नव्हता, कारण लाकूड करवतीने सरळ कापलेलं होतं. साच्यांचा तिला अनुभव नव्हता. मला होता.

पेन्सिल पायरीपाशी आली आणि मला ते दिसलं. लगेच दिसलं. मी थांबलो. ती चार हातांवर बसून पुढच्या खेळण्यासाठी पुठ्ठा कापत होती. “जरा इकडे या,” एवढं म्हणायला पुरे होतं.

मी नियमाप्रमाणे दोन अंशांचा उतार काढला. कुणी विचारलं तर माझ्याकडे उत्तर तयार होतं: मॉडेलप्रमाणे ड्रॉइंग केलं, उतार नियमाप्रमाणे दिला.

आमचे साचे दोन गाळे सोडून एक मिस्त्री काका करायचे. जासईचे, उमर साठीला आलेली, रोज उरणकडच्या बसने यायचे. ड्रॉइंग बघून चार दिवसांनी ते मला बाहेर चहाच्या टपरीवर भेटले.

“ही पायरी आसाच उतार ठेवून करायची हाय?” त्यांनी विचारलं. “पन रबर सटकंल ना वर.”

माझ्या हातात चहाचा ग्लास होता. मी त्यातच बघत म्हणालो, “ड्रॉइंगप्रमाणे करा काका.”

“तिला दाखवलास?”

“हो.”

त्यांनी ग्लास टपरीवर ठेवला आणि ते गाळ्याकडे वळले.

साचा आला, पहिला माल निघाला. लाल, पिवळी, हिरवी पिस्तुलं टेबलावर ओतली आणि शेठनी पॅकिंगच्या बायकांना सांगितलं, दहा-बारा भरून बघा. पहिलं रबर भरता भरताच सुटलं. दुसरंही. म्हाताऱ्या मावशींनी रबर ताणून मागे लावलं, पिस्तूल नीट बघायला तोंडापाशी आणलं, आणि रबर सुटून त्यांच्या गालावर, डोळ्याच्या बरोबर खाली बसलं. त्या ‘आई गं’ म्हणून खालीच बसल्या.

मी जिन्यात अर्ध्यावर उभा होतो. त्या क्षणापर्यंत मी मनात एवढंच रंगवलं होतं की शेठ तिला बोलतील आणि मी शांतपणे चूक समजावून सांगीन. मावशींचा डोळा त्यात कुठेच नव्हता. त्यांनी हात बाजूला घेतला, डोळा ठीक होता, गालावर लाल वळ उठला होता.

शेठ तिलाच बोलले. सगळ्यांसमोर. “टेस्टिंग नको करायला? पोराच्या डोळ्यात गेलं असतं तर?” तिने मावशींच्या गालाला थंड पाण्याचा रुमाल लावला, मग एक पिस्तूल उचललं, खिडकीच्या उजेडात तिरपं धरलं आणि पायरीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तडक मिस्त्री काकांकडे गेली. मीही मागे गेलो. का गेलो ते मला आजही नीट सांगता येत नाही. तिथे माझ्यामागे काही बोललं जाऊ नये, हेच असावं.

काका यंत्र पुसत होते. तिने पिस्तूल पुढे केलं. त्यांनी ते न बघताच म्हटलं, “मी याला इचारला व्हता. तुला दाखवला म्हनला हा.”

ती वळली. मला वाटलं आता ओरडेल. तिचा आवाज मात्र चढला नाही.

“तुम्हाला दिसलं होतं?”

“हो,” मी म्हणालो.

“कधी?”

“काढतानाच.”

बाहेर ट्रक मागे घेत होते, क्लीनर ‘आने दो, आने दो’ करत पत्रा बडवत होता. ट्रक लागेपर्यंत ती पिस्तुलाच्या पायरीवर अंगठा फिरवत राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं, साचा मला कळत नाही, म्हणून चुकलं.”

एवढंच. मग ती काकांकडे वळली आणि त्यांच्याच बाकावर बसून विचार करायला लागली. मला उपाय माहीत होता, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. दहा मिनिटांत ती म्हणाली, “काका, चापासाठी पट्टीत फट आहेच ना? ती पायरीपर्यंत वाढवली आणि पायरीची ही बाजू साच्याच्या खालच्या अर्ध्यातून काढली तर? उतार उलटा, मागच्या बाजूला पडेल. रबर अडकूनच बसेल.”

काकांनी पट्टीवर बोट फिरवलं. “आगं, हा बराबर हाय,” ते म्हणाले आणि हसले.

अगदी तोच उपाय. मला तीन वर्षं शिकून माहीत होता, तिने बाकावर बसून शोधला. लाजेने मेल्यासारखं झालं होतं आणि तरी, खोटं कशाला सांगू, त्या लाजेतसुद्धा पहिल्यांदा जे वर आलं ते जळणंच होतं.

तिने शेठना काही सांगितलं नाही. काकांनीही नाही. साचा दुरुस्त होईपर्यंत रोज मी वाट बघायचो की आज बोलावणं येईल. ती माझ्याशी कामापुरतं बोलायची, पण ‘सर’ म्हणणं बंद झालं होतं. मावशी मात्र नेहमीसारख्याच मला डब्यातली चटणी द्यायच्या. वळ आधी निळा, मग पिवळा पडला. चौथ्या-पाचव्या दिवशी मला ती चटणी गिळेना. डबा ठेवून मी शेठकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

“मी तिला सगळ्यांसमोर बोललो,” ते म्हणाले. “आता तू पण सगळ्यांसमोरच सांग.”

मी सांगितलं. पॅकिंगच्या टेबलासमोर उभा राहून. बायकांनी हातातलं काम थांबवलं होतं. मावशी म्हणाल्या, “अरे, पण का?” ती जिन्यावर उभी होती, तिने माझ्याकडे बघितलं नाही.

शेठनी नोकरीवरून काढलं नाही. पूर्ण सीझनभर पॅकिंगला बसवलं. एक पिस्तूल, रबरांची पुडी, वर पुठ्ठ्याचा कागद, पिना. तिचं पिस्तूल जोरात चाललं. माल पुरत नव्हता आणि तो मी माझ्या हातांनी भरत होतो. प्रत्येक नगावर तिचा हात दिसायचा. बायका पहिले काही दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, नंतर माझ्या पिना वाकड्या लागतात म्हणून हसायला लागल्या. वडिलांना मी लिहिलं की पिस्तूल दुसऱ्या कुणीतरी काढलं, मी नाही. त्यांच्या पुढच्या पत्रात पिस्तुलाचा विषय नव्हता.

दिवाळीनंतर ती एक लाकडी आगबोट घेऊन खाली आली आणि माझ्यासमोर ठेवली. “याचं ड्रॉइंग पाहिजे. माझं अक्षर घाण आहे, मला नाही जमत. शेठना विचारलंय.”

मी वर गेलो. दोन दिवसांत ड्रॉइंग करून तिच्यापुढे ठेवलं. तिने पट्टी आणि कोनमापक घेतलं आणि माझ्यासमोरच, एकेक माप, एकेक उतार तपासला. पाऊण तास लागला. मी उभा होतो. शेवटी ती “ठीक आहे” म्हणाली आणि कोपऱ्यात सही केली.

पुढे ती दोन वर्षं तिथे होती. माझं एकही ड्रॉइंग तिने न तपासता जाऊ दिलं नाही, आणि मी कधी तक्रार केली नाही. पहिल्या वर्षी ते तपासणं मला रोज झोंबायचं. कधीतरी ते थांबलं, नक्की कधी ते आठवत नाही. एवढं आठवतं की एकदा एका भिंगरीच्या ड्रॉइंगमध्ये माझ्याकडून खरोखरच एक माप चुकलं होतं, तिने ते दाखवलं, आणि मी खोडरबर उचलून म्हणालो, “बरं झालं.”