ढेलज आवरली त्या दिवशी

गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी अमरावतीच्या आमच्या घराची ढेलज आवरायला काढली. दारातून आत आल्या आल्या लागते ती ही खोली... गेली तीन वर्षं तिच्यातून माणसाला अंग चोरून जावं लागायचं.

अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून इथल्या कापसाला जो सोन्याचा भाव आलाय, तो तुम्ही जाणताच. आमचं घर बाजाराच्या वाटेवर. त्यामुळे दर्यापूरचे नातेवाईक, वलगावचे ओळखीचे, जो तो काही ना काही आमच्या ढेलजेत ठेवून जातो. पोती, जुवाचे दोर, फाटकी गोणपाटं... शिवाय एका कोपऱ्यात कापसातून सरकी काढायचा लाकडी रेचा, आणि त्याच्यापुढे कोंडाबाई.

कोंडाबाई आमच्या गल्लीतलीच. नवरा नाही. आमच्या कापसाची सरकी काढते, आणि यंदा तिनं वलगावला एक तुकडा अर्ध्या वाट्यानं केला होता. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःची पेरणी.

आवरायला कारण असं, की पुण्याच्या कॉलेजातला माझा एक मित्र मुंबईहून येणार होता. कापसाच्या व्यापारात त्यानं चांगलं नाव काढलंय. त्यानं आमच्या दारात पाऊल टाकावं आणि पहिल्यांदा गोणपाट दिसावं, हे मला सहन होईना... खरं कारण एवढंच.

रखमा, माझी पत्नी, म्हणाली, "अहो, कुणाचं काय आहे ते आधी विचारा तरी."

"विचारत बसलो तर दिवाळी येईल," मी म्हणालो.

रेचा गोठ्यात ढकलला. पोती मागच्या पडवीत. रेच्यामागे एक गाठोडं होतं, सोडून पाहिलं तर आत वाळक्या शेणाच्या बारीक गोळ्या. हे कुणी जपून ठेवलंय म्हणून मला हसूसुद्धा आलं. गाठोडं तसंच नेऊन उकिरड्यावर टाकलं, वर दोन घागरी पाणी घालून ढेलज धुतली आणि ते पाणीही तिकडेच सोडलं.

मित्रांनो, ती बियाण्याची सरकी होती. पेरताना दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून तिला शेण-माती चोळून वाळवतात. मी आज शाळेत मास्तर असलो तरी मूळचा दर्यापूरचा, शेतकऱ्याच्या घरात वाढलेला. लहानपणी माझेही हात त्या शेणात माखलेले असणार... आणि मला ओळखू आली नाही.

दुपारी मित्र आला. गालिच्यावर बसला. आमचं बोलणं रंगात आलं असताना कोंडाबाई दारात उभी राहिली. रेचा जागेवर नाही, गाठोडं नाही. "माही सरकी कोनं नेली?"

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो... पण मित्र माझ्याकडे पाहत होता. तेवढ्यात आतून रखमा आली आणि म्हणाली, "माझ्याकडून गेली गं. केर समजून मीच टाकली."

"काहून वो माय? शेन चोळलेली सरकी तुमाले वळखू नाई आली? शिकेल मानसाच्या घरात राहून डोये गेले का तुमचे?" कोंडाबाईचा आवाज गल्लीभर गेला. "आठ दिवसांवर मिरूग आला. आता वावरात का पेरू, हा गालिचा?"

रखमा मान खाली घालून ऐकत राहिली. मी पान लावत होतो. मित्र हसून म्हणाला, "बायकांच्या हातून असं व्हायचंच," आणि मी... मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच मी उकिरड्यावर गेलो. कोंडाबाई आधीच तिथे होती, सुपात दाणे वेचत. मी धोतर खोचून शेजारी बसलो. वरची सरकी कोंबड्यांनी उकरली होती, खालची पाण्यानं आणि उकिरड्याच्या उबेनं काळी पडली होती.

बराच वेळ वेचल्यावर कसंबसं म्हणालो, "कोंडाबाई, काल टाकलं ते मी."

"समजलं मले." तिनं मान वर केली नाही. बाजूला पडलेलं गाठोड्याचं फडकं दाखवलं. "हे दिसलं तवाच समजलं. बाईनं टाकलं असतं त फडकं ठिवून घेतलं असतं. लुगड्याचं इतकं धड फडकं कोनती बाई फेकते?"

मग एक दाणा सुपात टाकत म्हणाली, "काल काहून नाई बोलले, मास्तर?"

मी खाली पाहून वेचत राहिलो.

"तिले मी नाई नाई ते बोलली," ती पुटपुटली. "आता मलेच तोंड दाखवाची लाज वाटते."

नंतर मी चार गावांत सरकी मागून पाहिली. यंदा जो तो कापूस सरकीसकट गाडीत घालून विकून मोकळा झालाय. मिळाली ती भेसळीची, पेरायच्या कामाची नाही. उकिरड्यातून वेचलेल्या दाण्यांत कोंडाबाईचा अर्धाच तुकडा कपाशीखाली आला... उरलेल्या अर्ध्यात तिनं ज्वारी टाकली. यंदाच्या भावात ज्वारी, म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको.

त्याची भरपाई मी माझ्या परीनं करीनच. पण काल विहिरीवर रखमाला कुणीतरी हसून विचारलं म्हणे, आज काय टाकलंस बाई? तेही मला शेजारणीकडून कळलं.

म्हणून हा कागद तुम्हा सगळ्यांकडे फिरवतोय. अमरावतीत, अकोल्यात, मूर्तिजापुरात, जिथे जिथे ही गोष्ट पोचली असेल, तिथे तिच्यातलं नाव बदलून घ्या. सरकी रखमानं टाकली नाही. मी टाकली, आणि ती माझ्यासाठी बोलणी खात होती तेव्हा मी पान लावत बसलो होतो.