डाळीचं पाणी

धुळ्याहून बदली होऊन मी धरणगावजवळच्या एका खेड्यात शिकवायला आले, तेव्हा पहिला धडा मलाच मिळाला. बोरच्या पाण्यात डाळ शिजत नाही. चार शिट्ट्या झाल्या, आठ झाल्या, डाळ आपली ताठच! शेजारच्या अक्कांनी मग नाल्याकाठच्या जुन्या विहिरीची वाट दाखवली. त्या पाण्यात डाळ अशी मऊ होते की विचारू नका. अख्खं गाव तिथून रोज घरटी एक कळशी आणतं, ती फक्त डाळीसाठी. प्यायला घरात नळाला बोरचं पाणी होतंच.

माझी मुलगी तेव्हा जेमतेम चालायला लागलेली. थोडी मोठी झाल्यावर एकदा तिने त्या कळशीत फुलपात्र बुडवलं, तर अक्का ओरडल्या, “डाळनं पानी शे ते, पिऊ नको!” मीही फुलपात्र हिसकावून घेतलं. एवढी पायपीट करून आणलेलं पाणी! वरण-बट्टीच्या जेवणात माझ्या वरणाचं कौतुक झालं की मी फुगून जायचे.

तिसरीत गेली तरी तिला सातचा पाढा येईना. बाईंचीच मुलगी, आणि पाढे येत नाहीत! मी सरळ ‘ढ’ म्हणायचे. नव्या दातांवर तपकिरी पट्टे दिसले, तेव्हा नीट घासत नाहीस म्हणून धपाटाही दिला.

शाळेतल्या आरोग्य तपासणीत डॉक्टरबाईंनी ते दात पाहिले आणि विचारलं, “पाणी कुठलं पिता?” दोन्हीकडचं पाणी तपासायला गेलं. बोरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त निघालं, विहिरीचं चांगलं होतं. पट्टे त्यामुळेच, म्हणाल्या. मुलांच्या शिकण्यावर, लक्षात राहण्यावरही परिणाम होत असावा, पण एकाच मुलीबद्दल तसं ठामपणे सांगता येत नाही.

म्हणजे पाढा पाण्याने अडला की माझ्या आरड्याओरड्याने, कुणास ठाऊक. मला मात्र माझी भयंकर लाज वाटली. चांगलं पाणी डाळीला, आणि पोरीला उरलेलं!

घरी आल्याआल्या मी कळशीतून फुलपात्र भरून तिच्यापुढे धरलं. तिने हात मागे घेतले.

“पी गं,” म्हटलं, “आजपासून हेच प्यायचं.”

तिने एक घोट घेतला, कळशीत वाकून पाहिलं आणि काळजीने विचारलं, “मग डाळीला पुरेल ना, आई?”