दीड वीत पाईप

फलटणला मुलीकडे होतो. सकाळी सांगलीहून सलीमचा फोन आला. "नाना, अब्बा गेले…" त्याचा अब्बा म्हणजे रज्जाक मिस्त्री. सांगलीत आम्हा दोघांचं गॅरेज होतं, चाळीस वर्षं. दफनाला पोचलो, तीन मुठी माती दिली. तिथंच एक जण सलीमला म्हणाला, "तुमचे अब्बा वेल्डिंगला पक्के, पण पाईपची विद्या नानांची." मी खाली बघितलं. त्याला महिना झाला. ते बोलणं डोक्यातनं जात नाही, म्हणून मुलीकडनं हे लिहून घेतोय. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा भाषेला नावं ठेवू नका.

विद्या काय, ते सांगतो. कार्बोरेटरकडनं इंजिनात वारं आणि पेट्रोल नेणारे पाईप असतात. ते आखूड केले की गाडी सरळ रस्त्याला पळते, लांब केले की चढाला ओढते. एकाला रज्जाक पळ म्हणायचा, दुसऱ्याला दम. मला पटायचं नाही. वाऱ्याला जवळची वाट द्यावी, एवढंच मला कळायचं. तो म्हणायचा, "गड्या, एडका टक्कर द्यायच्या आधी मागं का सरतो? लांबनं आलेल्या वाऱ्याला रेटा असतो रं."

मग एका जैन शेतकऱ्याची, आण्णांची, जुनी पेट्रोल जीप आली. हळदीची पोती घातली की मळ्याच्या चढाला बंद पडायची. मी म्हणालो, पाईप वीतभर पुरे. रज्जाक दीड वितीवर अडला. दोन दिवस भांडण. शेवटी दीड ठरली आणि चार पाईप दोघांनी निम्मे वाटून घेतले. ज्यानं त्यानं आपापल्या वितीनं मापले… इंजिन चालू केलं तर जीप हिवताप आल्यागत थडथडायला लागली. आण्णा म्हणाले, "काय ओ मिस्त्री, इंजिनात भावाभावांची वाटणी चाललीय काय?"

रज्जाकनं माझा पंजा धरला, त्यावर आपला ठेवला. माझी वीत दोन बोटं मोठी! आखूड पाईपसाठी भांडणारा मी, आणि लांब पाईप माझेच. तो हसून हसून खाली बसला. "आता चारी तुझ्याच हातानं माप. मला लांबच पायजे हुतं." स्वतःचे दोन त्यानं भंगारात टाकले.

जीप भरल्या पोत्यांनिशी चढ चढली. आण्णांनी विचारलं, "माप कुणाचं?" मी म्हणालो, "माझं." रज्जाक शेजारी हात पुसत उभा होता. पुढं आटपाडीपासनं साताऱ्यापर्यंतची माणसं मलाच विचारत यायची.

गेल्या आठवड्यात सांगलीला गेलो, गॅरेजात चार माणसांसमोर सलीमला खरं सांगितलं, लांब पाईपचं डोकं तुझ्या अब्बाचं, माझा नुसता पंजा. तो बोल्ट आवळत म्हणाला, "ठावं हाय नाना. अब्बा म्हणायचे, नानाला बोलू द्या, खुशीत असला की त्यो काम झ्याक करतो."

म्हणजे इतकी वर्षं मला चालवून घेतलं! जिवंत असता तर त्याच्याशी भांडलो असतो.

सलीमनं माझ्या वितीला टेप लावला, आकडा खडूनं भिंतीवर लिहिला. वर माझं नाव लिहायला लागला, तेव्हा खडू मी काढून घेतला. मला जोडाक्षर नीट येत नाही. रजाक असं लिहिलं. सलीम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या तसंच."