पाण्याखालच्या घरांचा वाटा

ज्या गांजाला आपल्याकडं अजून कायद्याची परवानगीच नाही, त्याच्या कराची गावोगाव वाटणी करून मोकळा झालेला माणूस साऱ्या जोयडा तालुक्यात एकच, आणि तो माझ्या आत्याचा नवरा आहे. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी जन्मात बिडीसुद्धा ओढलेली नाही. शेजाऱ्यानं काडी पेटवली तरी ते खोकत परसात जातात. पण परदेशात गांजा खुला झाला आणि त्याच्या करातला वाटा तिथल्या गावांना मिळतो, ही बातमी रामनगरच्या बाजारात कुणीतरी पेपरातून वाचून दाखवली. तेव्हापासून मामा आता राहतात त्या नंदिगड्ड्याची एकही ग्रामसभा मामांनी सुखानं पार पडू दिलेली नाही. विषय रस्त्याचा असो की नळाचा, मामा उठणारच. पंचायतीच्या बाई बिचाऱ्या हात जोडतात, ‘अज्जा, गांजाचं नाव नका काढू, पोलीस येतील.’ मामा म्हणतात, ‘आज न्हाई तर उद्या हुईल. धरण हुईल असं तरी कुणाला वाटलं हुतं? वाटा आधी इचारायचा असतो, बाई. धरणाच्या येळेला आमी मागनं इचारलं.’ यावर सभा हसायची थांबते.

कारण मामांचं गाव सुपा धरणात गेलं. वाटा मिळायच्या गावांची त्यांनी जी यादी केलीय, तीत ते गाव पहिलं आहे, आणि ते तिथं राहावं एवढाच त्यांचा हट्ट. नसलेल्या गावाला वाटा कसा देणार, असं बाईंनी एकदा विचारलं. मामा शांतपणे म्हणाले, ‘गाव हाय. वर पाणी हाय, इतकंच.’

त्या गावात बैठकीआधी घरांची नावं पुकारायची रीत होती. घरातल्या थोरल्यानं ‘हाय’ म्हणायचं, मगच विषय निघायचा. यंदा वैशाखात पाणी उतरलं, तेव्हा मामा मला भर दुपारी काठावर घेऊन गेले. बुडालेल्या झाडांचे काळे बुंधे वर आले होते. मामांनी टोपी नीट केली आणि गांजाच्या वाट्याची सभा भरवली. ‘वरलं घर!’ तोंडातलं पान थुंकून माणूस ‘हाय’ म्हणेल, तेवढा वेळ ते थांबत. एका घराला तर ‘जरा मोठ्यानं!’ म्हणून दटावलंसुद्धा. मला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण प्रत्येक नावामागं पाण्यावर एक बुडबुडा येत होता. मासे असतील, अशी मी मनाची समजूत घातली. ते नेमके नावापाठोपाठच कसे येतात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

शेवटी त्यांनी स्वतःचं घर पुकारलं. ‘चिंचेकडलं घर!’ पाणी हललं नाही. त्या घराचे थोरले आता मामाच, आणि पुकारणाऱ्यानं स्वतः उत्तर द्यायचं नाही, अशी रीत. मामांना मूलबाळ नाही. त्यांनी पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चिरकला तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, ‘हाय.’

मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. ‘भरली सभा. आता तू बी यादीत आलास.’

अंगावर काटा आला, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. गांजाचा कर येवो न येवो, पुढं कधीतरी ती नावं मलाच पुकारावी लागणार. चिंचेकडल्या घराशी आलो की मीही थोडा थांबेन. त्या वेळी बुडबुडा आला, तर तो मामांचा असेल.