रंगूनअक्काच्या दारावर

एसटीचा भोंगा वाजला की रंगूनअक्का असेल तिथे थांबायची. डोक्यावर केळीचा घड असला तरी तशीच, डोळे मिटून. पाच-सहा श्वास होईपर्यंत हलायची नाही, मग काही झालंच नाही अशी चालू लागायची. बागेतल्या बाया पदराआड हसत. नव्या माणसाला वाटे, बाईला फीट आली.

ती मूळची नरडाण्याकडची. नवरा रंगूनच्या गोदीत हमाल होता, म्हणून तीही तिकडे गेली. लढाईत तिथे बॉम्ब पडले, आणि कितीतरी लोकांसारखी ही माणसंही जंगलातून पायी देशाकडे निघाली. नवरा, बायको, चार वर्षांची मुलगी. पोचली एकटी अक्का. पुढे मावसबहिणीच्या आधाराने ती यावलला आली आणि आमच्या केळीच्या बागेत मजुरीला लागली. भोंग्यात तिला अजून तीच विमानं ऐकू येत. रंगूनच्या शेजारणीने, एका म्हाताऱ्या ब्रह्मी बाईने, तिला बुद्धाच्या देवळाच्या पायरीवर श्वास पाहत बसायला शिकवलं होतं. तेवढी एकच वस्तू तिने तिथून आणली होती.

माझा दीड वर्षांचा बापू गोवराने गेला, तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे बाया दारावर आल्या. दारावर येणं म्हणजे अंगणात बसून, गेलेल्याचं नाव घेत, गळ्यात गळे घालून रडणं. अक्काही आली. अंगणाच्या कडेला बसली आणि डोळे मिटून गप्प राहिली. रडली नाही, बोलली नाही. दिवस बुडेपर्यंत बसली आणि गेली. रोज येऊ लागली, तशी रोज गप्प. सासूबाईंची खात्री पटली, की ही रंगूनची काही करणी आहे. त्यांनी दाराला लिंबू आणि बिब्बा टांगला. अक्काने तो पाहिला आणि लिंबू चांगलं रसाचं दिसतंय, वाळायच्या आत सरबताला घ्या, असं सांगून जागेवर बसली. मला त्याही दिवसांत हसू आलं, आणि हसल्याबद्दल मी रात्रभर स्वतःला कोसलं.

मला तिचा रागच आला होता. माझं मूल गेलंय आणि हिच्या डोळ्याला टिपूस नाही. एकदा तसं मी बोलूनही दाखवलं. ती रागावली नाही.

"वाटवर जो रडाले बठना, तो तठेच ऱ्हायना," ती म्हणाली. "मंग ते रडनं राहीच गयं, बाई."

हळूहळू मला बागेतल्या विहिरीकडे पाहायला बरं वाटू लागलं. खाली हिरवं पाणी, वर केळीच्या पानांचा हिरवा उजेड. वाटायचं, दोन्हींच्या मधे उगाच उभी आहे मी. हे घरात कोणाच्या ध्यानात आलं नाही, अक्काच्या आलं. तिने माझा दंड धरला, मला केळीच्या ओळीत नेऊन बसवलं आणि श्वास पाहा म्हणाली. मी छाती फुटेस्तोवर श्वास कोंडून धरला.

"रोकू नको. तो काय तुना नोकर शे?" ती म्हणाली. "येस तो देख. जास तो देख."

यानं दुःख जाईल का, मी विचारलं.

"जास नही. आपुन तेना शेजारे बठतस."

त्यानंतर किती दुपारी आम्ही तशा बसलो, आता सांगता येत नाही. वाळकी पानं सळसळत, पाटाचं पाणी वाफ्यांतून फिरे, लांब सातपुडा धुरकट होऊन जाई. बापू यायचा, मांडीवर बसायचा, उठून जायचा. मी त्याला अडवायचं सोडलं तेव्हा विहिरीकडची ओढही कमी झाली. मी जगले ती अशी.

पुढे अक्काच्या वस्तीने बुद्धाचा धर्म घेतला. पोरांनी तसबीर आणली आणि रंगूनची जाणती म्हणून हिलाच विचारायला आली, की प्रार्थना कोणती म्हणायची. अक्काने सगळ्यांना जमिनीवर बसवलं आणि गप्प केलं. अर्ध्या घटकेत निम्मी पोरं पेंगली. झोपही चांगलीच, असं तिचं म्हणणं पडलं.

मग नरडाण्याचा भाचा तिला कायमची न्यायला आला. मी निरोपाला वस्तीत गेले. ती गाठोडं घेऊन उंबऱ्यात बसली होती. तेव्हा एकाएकी मनात आलं, हिच्या लेकीच्या दारावर कोण गेलं असेल? हिला तेव्हा दारच कुठे होतं?

"अक्का, तुझ्या मुलीचं नाव काय होतं?"

तिने हातातलं गाठोडं खाली ठेवलं.

"इतला वरीसमां कोनी इचारंच नही," ती म्हणाली. "जनी."

मी तिच्यासमोर मातीत बसले, तिच्या गळ्यात हात घातले आणि दारावरच्या बाया रडतात तशी जनीचं नाव घेऊन मोठ्याने रडू लागले. अक्का आधी लाकडासारखी ताठ होती. मग तिच्या पोटातून असा आवाज आला की भाचा घाबरून अंगणाबाहेर गेला. पंधरा-सोळा वर्षं मागे राहिलेलं रडणं चालत चालत तिच्यापर्यंत पोचलं होतं.

तेवढ्यात स्टँडवर भोंगा वाजला. पहिल्यांदाच तो तिला ऐकू आला नाही. ती रडतच राहिली. मी डोळे मिटले, तिला धरून ठेवलं आणि तिच्या वाटचे श्वास मी पाहिले. त्या दिवशीची गाडी तिची चुकली.