दातांत धरलेला पेचकस

माझ्या माहेरून आलेल्या लोखंडी कढईत दोन गोष्टी तळल्या जायच्या: सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या वड्या, आणि बेअरिंग. वड्या मी तळायची, बेअरिंग आमचे हे. गणेशपेठेत रस्त्याला लागून पत्र्याच्या शेडमध्ये यांचं गॅरेज होतं आणि मागच्या दोन खोल्यांत आमचा संसार. नवं बेअरिंग दांड्यावर बसवायचं तर आधी ते गरम तेलात सोडावं लागतं. मग ते जरासं फुगतं आणि दांड्यावर सरकन उतरतं. यासाठी यांना माझीच कढई लागायची. जाड बुडाची आहे, सगळीकडून सारखी तापते म्हणे! मी चिंच आणि राख लावून हात दुखेस्तोवर घासायची, तरी दुसऱ्या दिवशीच्या वड्यांना ग्रीसचा वास यायचाच.

तेव्हा कढईवरून मी ओरडायची, हे गल्लीला पाठ होतं. पण ओरडण्याचं खरं कारण कढई नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका दुपारी मी चहा घेऊन शेडमध्ये गेले. हे एका चालू इंजिनावर वाकले होते. कुठल्या भागातून खरखर येते ते ओळखायला मिस्त्री लोक लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक यंत्राला लावतात आणि मूठ कानाला. यांनी मूठ कानाला लावली नव्हती. लाकडी मूठ दातांत घट्ट धरली होती आणि डोळे मिटले होते. इंजिन बंद झाल्यावर मी "चहा" म्हणाले. पुन्हा म्हणाले. पाठ हलली नाही. ग्लास हातात धरून मी तशीच उभी राहिले आणि मला सगळं कळलं. कानांतून जाईनासा झालेला आवाज हे दातांतून, हाडांतून ऐकत होते.

मिस्त्रीचा कान गेला म्हणजे मिस्त्रीच गेला, असं तेव्हा सगळे मानायचे. यांनी कुणाला सांगितलं नाही, मलाही नाही. मग मीही कुणाला सांगितलं नाही, यांनासुद्धा नाही. त्या दिवसापासून फक्त आवाज चढवला. जेवायला बोलावणंही भांडल्यासारखं. शेजारीण एकदा म्हणाली, "काहून वं इतकी ओरडतं नवऱ्यावर? देवमाणूस आहे तो." म्हटलं, माझा स्वभावच तसा आहे. ते अगदीच खोटं नव्हतं. रागीट मी जन्मापासूनच. पण कजाग म्हणून नाव पडलं ते काही फुकट नाही पडलं.

त्या हिवाळ्यात काटोलकडचा एक संत्रेवाला त्याची पिकअप घेऊन आला. बागेतल्या काळ्या मातीत गाडीचं पोट घासायचं, म्हणून त्यानं कुठूनतरी चाकांवरच्या कमानींत, म्हणजे स्प्रिंगांत, पट्ट्या वाढवून ती उंच करून घेतली होती. गाडी उंच झाली, देखणी झाली. पण पुढच्या चाकांकडे जोर नेणारा दांडा त्यामुळे तिरका पडला आणि तो जोर दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या पुढच्या डिफरन्शिअलचं बेअरिंग रडायला लागलं.

"मिस्त्री, हे गाडी काहून रडून राहिली गा?" त्यानं विचारलं.

यांनी पेचकस दातांत धरला, गाडीखाली गेले आणि बाहेर येऊन म्हणाले, "पुढचं बेअरिंग गेलं. काढा लागते."

निदान बरोबर होतं. मला तर स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं.

खरी कसोटी बेअरिंग काढताना होती. ते दांड्यावर असं बसलेलं असतं की जणू तिथंच जन्मलं. त्याच्या मागे दोन बाजूंनी छिन्नी लावायची, हातोडा एकदा इकडे, एकदा तिकडे. घट्ट आहे तोवर ठण्ण वाजतं. जागा सोडली की आवाज बसतो, ठप्प. त्याच क्षणी हात आवरायचा. नाही आवरला तर छिन्नी घसरून दांड्याला खाच पडते आणि मग नवं बेअरिंग कितीही तेलात तळा, धड बसत नाही. हे ठप्प कुठलाही नवशिक्या ओळखतो.

मी दारात होते. बाजूच्या शेगडीवर नव्या बेअरिंगसाठी तेलाची कढई नुकतीच चढवलेली. संत्रेवाला स्टुलावर बसून सगळं बघत होता. ठण्ण. ठण्ण. ठप्प. यांनी पुन्हा हाणला. पुन्हा ठप्प. यांनी हातोडा तिसऱ्यांदा उचलला, आणि मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "थांबा! माझी कढई जळून राहिली!"

हातोडा वरच राहिला.

संत्रेवाला खो खो हसला. "वहिनी लय कडक हायेत गा, मिस्त्री!" यांनी बेअरिंगला बोट लावलं. ते सैल झालं होतं, हातानं निघालं. दांड्यावरून अंगठा फिरवला, कुठं ओरखडा नव्हता. मग यांनी कढईकडे पाहिलं. तेल अजून कोमटसुद्धा नव्हतं, धूर कसला निघतो! यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं आणि दांडा पुसायला घेतला. संध्याकाळच्या आत नवं बेअरिंग बसलं आणि पिकअप गुपचूप काटोलच्या रस्त्याला लागली.

हे गेल्याला आता पुष्कळ वर्षं झाली. शेड नाही, दुसऱ्या मोहल्ल्यात राहते. माझा आवाज आपोआप उतरला. इथल्या शेजारपाजारच्या सुना म्हणतात, आजी किती हळू बोलतात, किती शांत! असा राग येतो मला. ज्याच्यासाठी गळा फाडायचा तो माणूसच नाही, तर आजी शांत होणार नाही तर काय? कधीकधी वाटतं, भर दुपारी दारात उभं राहून "जेवायला या" म्हणून एकदा ओरडावं. पेचकस आहे माझ्याजवळ. मुठीवरच्या दातांच्या खुणांवर बोट ठेवते आणि ती संध्याकाळ आठवते.

पिकअप गेल्यावर मी मोरीशी बसून कढई घासत होते. हे आत आले आणि माझ्या पाठीमागे बसले. पदरावरून खांद्याच्या हाडाला काहीतरी अलगद टेकलं. वळून पाहिलं तर पेचकसाचं टोक. मूठ यांच्या दातांत.

"आता हळू बोल," दातांतूनच म्हणाले. "गल्लीले नको सांगू. मले सांग."

डोळे मिटून बसले होते, इंजिन ऐकायला बसायचे तसेच. लग्नाला बारा वर्षं झाली होती. किती सांगायचं होतं! मला त्यांच्यावाचून करमत नाही, हे एकदाही तोंडातून निघालं नव्हतं. पुन्हा कधी त्यांनी असं विचारलं नाही, आणि मीही लाजेनं कधी खांदा पुढे केला नाही. ती एकच वेळ होती, आणि मी कुजबुजले, "कढईचं तेल निघून नाही राहिलं."

यांनी मूठ दातांतून काढली.

"आलं ऐकू," म्हणाले.