शिळं पाणी

आमच्या लातूरच्या घरी नळ आठ-दहा दिवसांनी येतो. तो आला की आईचा हुकूम ठरलेला: आधीचं ओता, भांडी घासा, मग भरा. जे पाणी आम्ही तासाभरापूर्वी जपून पीत असतो, ते नळाला धार लागली की शिळं होतं. लहानपणापासून मी ते मोगऱ्याच्या बुडात ओतत आले. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग करतानाही हॉस्टेलवर रोज सकाळी बाटली आधी रिकामी करायचे, मगच भरायचे.

पुढं मी परदेशात निसर्गसंवर्धन आणि शाश्वत विकास शिकायला गेले. एवढं लांबलचक नाव आईला कुठलं लक्षात राहायला. ती शेजारणीला सांगायची, “पाण्याचं शिकायलीय.” तेवढ्यावर भागायचं.

दुसऱ्या सत्रात विद्यापीठानं आम्हाला केनियातल्या एका कोरड्या भागात नेलं. एकेकानं एकेका घरी दहा दिवस राहायचं आणि पाणी किती येतं, कशाला किती जातं ते वहीत लिहायचं. सोबत आलेल्या आमच्या प्राध्यापक मॅडमनी नियम एकच सांगितला: मोजायचं, हात लावायचा नाही. बरोबरची पोरं युरोपातली. रिकामे कॅन बघून त्यांचे चेहरे उतरायचे अन् मला त्यांचा लई राग यायचा. यांना काय डोंबल कळतंय, मी टँकरच्या गावची, असं माझं चाललेलं. मॅडमनाही दोनदा ऐकवून झालं होतं.

माझ्या यजमानीणबाई चाळिशीच्या होत्या. मी त्यांना ताई म्हणायचे, कारण मोठ्या बाईला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नाही. घरात त्या आणि त्यांची म्हातारी सासू. पत्र्याच्या वळचणीला निळं टिपाड, निम्म्याहून जास्त भरलेलं, तोंडाला फडकं बांधलेलं. दोन दिवस मी त्यात पट्टी बुडवून आकडा लिहिला. हे पाणी कुठलं, हे काही विचारलं नाही. पाण्यातलं मला काय विचारायचं असणार?

तिसऱ्या दिवशी ताई बाजारला गेल्या होत्या, सासू आत पडली होती, आणि गाढवाच्या गाडीवर कॅन लादून पाणीवाला दारात आला. पाणी आलं म्हटल्यावर माझे हात आपोआप चालू झाले. ताईंना मदत होईल असंही वाटलं. फडकं सोडलं, तांब्यानं निम्मं पाणी उपसून अंगणात ओतलं, मग टिपाड आडवं करून उरलेलं पपईच्या बुडात सोडलं. चुलीतली राख घेऊन आतून घासलं, खंगाळलं, आणि काठोकाठ भरून घेतलं. पाणीवाला त्याच्या भाषेत काहीतरी सांगत होता. मी हातानंच त्याला “भर, भर” केलं.

ताई आल्या. ओलं अंगण बघितलं, टिपाडात बोट बुडवून जिभेला लावलं आणि उंबऱ्यावर बसल्या. मग मोडक्या इंग्रजीत सांगितलं, तुम्ही ओतलं ते पत्र्यावरचं पावसाचं, प्यायचं पाणी होतं. गाडीवरचं बोअरचं असतं, खारट, धुण्याभांड्याचं. सासूला ते सोसत नाही. पुढचा पाऊस दोन महिन्यांनी.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, झालं तसं लिही. ‘कशाला गेलं’ या रकान्यात मी लिहिलं: पाहुणीनं ओतलं. उरलेले सात दिवस तासभर लांबच्या शाळेच्या टाकीतून रोज एक कॅन गोडं पाणी डोक्यावरून आणलं. हात लावायचा नाही, हा नियम तसाही मोडलाच होता. आणलेलं त्याच दिवशी सरायचं. साठवायला काही उरलं नाही.

निघायच्या दिवशी ताईंनी दोन पातेल्यांत चहा केला. सासूचा आणि माझा गोड्या पाण्याचा. स्वतःचा त्यांनी दुसऱ्या पातेल्यातून गाळून घेतला. माझा मी शेवटच्या घोटापर्यंत संपवला.

सुट्टीत लातूरला आले आणि चौथ्या दिवशी नळ आला. आईनं भरलेली घागर उचलली. मी म्हटलं, “आई, ओतू नको.”

“का गं? शिळं पाणी प्यायचं का?”

घरी तोवर कुणाला बोलले नव्हते. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. नळ चालू असताना आई कुणाचं ऐकत नाही. तेव्हा तिनं ऐकलं.

“मग त्या म्हातारीला प्यायला?”

“मी होते तोवर शाळेतलं.”

“अन् तू आल्यावर?”

ते मला माहीत नव्हतं, आणि आजही नाही. आईनं घागर खाली ठेवली, वर झाकण सरकवलं आणि रिकामी कळशी धारेखाली लावली.